ताट मांडणारे आणि घास घेणारे

क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1926 साली एक प्रयोग सुरू केला. त्या काळी तान्ह्या मुलांनी काय खावं, किती खावं आणि किती वाजता खावं याची कोष्टकं डॉक्टर लिहून देत आणि आया ती घड्याळ लावून पाळत. मूल तोंड फिरवू लागलं की घरोघरी रडारड. डेव्हिस यांना पडलेला प्रश्न साधा होता: कुणी काहीच सांगितलं नाही, तर मूल आपलं आपण काय खाईल?

त्यांनी पंधरा बाळं घेतली. अंगावरचं दूध नुकतंच सुटलेली, सहा ते अकरा महिन्यांची, वरच्या अन्नाची चव अजून न घेतलेली. कुणी सहा महिने, तर कुणी थेट साडेचार वर्षं त्यांच्या देखरेखीखाली राहिलं. या मुलांसाठी 34 पदार्थांची यादी ठरली. दूध, आंबवलेलं दूध, गहू, ओट, मका, बटाटा, गाजर, बीट, कोबी, पालक, सफरचंद, केळं, संत्र्याचा रस, मासे, कोंबडी, कलेजी, हाडांतला मगज. त्यातले काही पदार्थ प्रत्येक जेवणाला समोर यायचे. एकमेकांत मिसळलेले नाहीत, मसाला नाही, मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. परिचारिकेला सक्त सूचना होती, की चमचा हातात धरून गप्प बसायचं. बाळाने एखाद्या वाटीकडे हात नेला तरच चमचा भरायचा, आणि त्याने तोंड उघडलं तरच भरवायचा. शाबासकी नाही, ‘अजून एकच घास’ नाही, कपाळाला आठीही नाही.

मुलांनी जे खाल्लं ते पाहून कुठल्याही आजीने डोक्याला हात लावला असता. एकाची न्याहारी अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि कलेजी, तर दुसऱ्याचं रात्रीचं जेवण अंडी, केळी आणि दूध. एखादं मूल काही दिवस एकाच पदार्थावर तुटून पडे आणि मग त्याकडे ढुंकूनही पाहत नसे. दोन मुलांचं खाणं कधी सारखं नव्हतं. पण महिन्यांचा हिशोब मांडला तेव्हा सगळी मुलं धडधाकट निघाली. त्यांतलं एक बाळ आलं तेव्हा त्याला मुडदूस होता. त्याच्या ताटात कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा पेलाही ठेवला होता. ते तेल त्याने कधी थोडं, कधी पुष्कळ, असं स्वतःहून घेतलं आणि हाडं बरी झाल्यावर घेणं सोडून दिलं.

ही गोष्ट एवढ्यावर थांबवली तर ‘मुलांना सगळं उपजत कळतं’ असा अर्थ निघतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो तसाच सांगितला जातो. डेव्हिस यांनी स्वतः तसं म्हटलेलं नाही. 1939 साली निष्कर्ष मांडताना त्यांनी स्पष्ट लिहिलं, की खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. त्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. मुलाने यादीतलं काहीही निवडलं तरी ते चुकीचं ठरणार नव्हतं. अशा यादीपुढे मुलाची भूक उत्तम काम करते. प्रक्रिया केलेले पदार्थ यादीत घातले तर काय होतं, हेही त्यांना तपासायचं होतं, पण मंदीच्या काळात पैसा उभा राहिला नाही आणि तो दुसरा प्रयोग झालाच नाही. (गरीब आयांची लेकरं अशी वर्षानुवर्षं प्रयोगासाठी ठेवून घ्यायला आज कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.)

मुलांना निर्णय घ्यायला शिकवण्याबद्दल जे म्हणायचं आहे त्याचा गाभा मला या प्रयोगात दिसतो. आपल्याकडे या विषयावर दोन टोकांची भाषा चालते. एक जुनी: ‘त्याला काय कळतंय, आपण सांगू ते करील.’ दुसरी नवी: ‘आमच्याकडे सगळं तीच ठरवते.’ पहिल्या घरातल्या मुलाला निवडायला काही मिळत नाही. दुसऱ्या घरात चार वर्षांच्या मुलीवर सगळ्या घराचा भार येतो आणि ती दिवसभर किरकिरी होते, कारण एवढं सगळं ठरवणं तिला झेपत नाही. मधली वाट म्हणजे दोन्हींचं थोडं थोडं मिश्रण नव्हे. कामाची वाटणी स्वच्छ हवी. ताटात काय काय असेल ते मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय आणि किती घ्यायचं ते मुलाने ठरवायचं, आणि मग त्यात मोठ्यांनी हात घालायचा नाही. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी 1980च्या दशकात जेवणापुरती हीच वाटणी मांडली. काय, कधी आणि कुठे हे पालकांचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाचं. माझ्या मते ही वाटणी जेवणापुरती ठेवण्याचं कारण नाही. कपडे, खेळ, पुस्तक, अंघोळ आधी की दात आधी, पावसात छत्री की रेनकोट, सगळीकडे ती चालते.

पण पर्याय मांडणं हेसुद्धा शिकावं लागतं. एमिली समनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या आसपासच्या 24 मुलांना चित्रातल्या अस्वलाबद्दल प्रश्न विचारले. प्रश्न सगळे ‘हे की ते’ अशा घडणीचे. हा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तोंडाने उत्तर देताना मुलांनी जवळजवळ 85 टक्के वेळा दुसरा पर्याय सांगितला. तोच प्रश्न पर्यायांचा क्रम उलटा करून विचारला तर उत्तरही उलटं! मुलं खोटं बोलत नव्हती. बहुधा प्रश्न संपेपर्यंत पहिला शब्द त्यांच्या स्मरणातून निसटत होता आणि जो कानात शिल्लक होता तोच ओठांवर येत होता. दोन्ही पर्यायांची चित्रं समोर ठेवून बोट दाखवायला सांगितलं तेव्हा हा ओढा नाहीसा झाला.

आपल्या घरांत रोज काय होतं ते आठवून पाहा. आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून विचारते, ‘गूळपोळी देऊ की उपमा?’ मूल म्हणतं, ‘उपमा.’ ताटलीत उपमा आला की ते रडतं. आई चिडते, ‘आत्ताच तर म्हणालास!’ दोघंही प्रामाणिक आहेत. आईने विचारलं होतं, मुलाने उत्तर दिलं होतं, फक्त त्या उत्तरात निवड नव्हती. दोन-अडीच वर्षांच्या मुलापुढे दोन्ही वाट्या धराव्यात, दोन्ही सदरे पलंगावर पसरावेत, आणि मग विचारावं. पर्याय दोनच असावेत. तीन झाले की या वयाचं मूल गोंधळतं, आणि ‘काय हवं तुला?’ असा मोकळा प्रश्न तर पुष्कळदा मोठ्यांनाही सुटत नाही.

याहून मोठी अडचण खोट्या प्रश्नांची आहे. ‘चल, शाळेत जायचं ना?’ ‘इंजेक्शन घ्यायचं का आपण?’ ‘आता झोपूया का?’ हे आपण लाडाने, सौम्यपणे म्हणतो. हुकूम सोडण्यापेक्षा विचारलेलं बरं, अशी आपली भावना असते. पण मूल प्रश्नाला प्रश्न समजतं आणि ‘नाही’ म्हणतं. मग आपण ते ‘नाही’ बाजूला सारून त्याला उचलतो. असं दिवसातून अनेकदा झालं, की मुलाला एक गोष्ट पक्की कळते: मला विचारतात, पण माझ्या उत्तराने काही बदलत नाही. ज्या गोष्टीत निवड नाही तिथे प्रेमाने पण सरळ सांगावं, ‘आता दवाखान्यात जायचं आहे.’ आणि मग त्या सक्तीच्या आतली खरी निवड मुलाला द्यावी. माझ्या मांडीवर बसतोस की खुर्चीत? उजवा दंड पुढे करतोस की डावा? सुई टळत नाही, पण दंड कुठला हे त्या मुलाने ठरवलेलं असतं आणि परिचारिका तोच दंड धरते. एवढ्यानेही त्याच्या चेहऱ्यात फरक पडतो.

लहान मुलांचं आणखी एक वागणं मोठ्यांना कोड्यात टाकतं. कळतं, पण वळत नाही. मानसशास्त्रज्ञ हे पत्त्यांच्या एका सोप्या खेळातून दाखवतात. फिलिप झेलाझो यांच्या नावाशी तो जोडलेला आहे. पत्त्यांवर लाल-निळे ससे आणि होड्या असतात. आधी रंगाप्रमाणे वेगळे करायचे, लाल इकडे, निळे तिकडे. तीन वर्षांचं मूल ते छान करतं. मग सांगायचं, ‘आता रंगाचा खेळ संपला, चित्राचा खेळ सुरू. ससे इकडे, होड्या तिकडे.’ तीन वर्षांची बहुतेक मुलं पत्ते रंगाप्रमाणेच लावत राहतात. त्यांना थांबवून विचारलं, ‘या खेळात ससे कुठे जातात?’ तर ती बरोबर जागा दाखवतात, आणि पुढचाच पत्ता पुन्हा रंगाप्रमाणे टाकतात! चार-पाच वर्षांची झाली की बहुतेकांना ही उडी जमते.

नियम ठाऊक असणं आणि आधीची सवय थोपवून नव्या नियमाने वागणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम कपाळामागच्या भागाचं, आणि त्या भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला ‘तूच म्हणाला होतास ना, एकदाच घसरगुंडी आणि मग घरी?’ असं म्हणून दोषी धरण्यात अर्थ नाही. त्याने ते मनापासूनच मान्य केलं होतं. घसरगुंडीवरून परत फिरायची शक्ती त्याच्याकडे अजून आलेली नाही. त्याचा हात धरून त्याला बाहेर आणणं हे आपलं काम आहे, आणि रागावून आणलं तरी त्याची ती शक्ती लवकर येत नाही.

आता संयमाच्या परीक्षेकडे येऊ. वॉल्टर मिशेल यांचा मार्शमॅलोचा प्रयोग पालकांच्या व्याख्यानांत हमखास येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत 1960च्या दशकाच्या अखेरीपासून तो झाला. मुलासमोर एक गोड खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील.’ जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात आणि आयुष्यात सरस ठरली, हे त्या गोष्टीचं प्रसिद्ध तात्पर्य. पुढे 2018 साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी खूप मोठ्या आणि सर्व थरांतल्या मुलांच्या गटावर हे तपासलं. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशोबात धरल्यावर त्या भाकिताचा बराचसा जोर ओसरला.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो सेलेस्ट किड यांचा प्रयोग. बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम करताना त्यांना प्रश्न पडला होता, की जिथे वस्तू केव्हाही हिरावली जाते तिथली मुलं कशाला थांबतील? हा प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांना आधी चित्रं काढायला बसवलं. समोर वापरून झिजलेले खडू. ‘थोडं थांबलास तर मी छान नवे खडू आणते,’ असं सांगून बाई बाहेर गेल्या. निम्म्या मुलांना नवे खडू खरंच मिळाले. उरलेल्यांना बाईंनी परत येऊन सांगितलं, ‘अरे, नाहीत माझ्याकडे, सॉरी. आहेत तेच वापर.’ चिकटचित्रांच्या बाबतीतही पुन्हा तसंच झालं. त्यानंतर मार्शमॅलोची परीक्षा. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांना दोनदा फसवलं होतं ती सरासरी 3 मिनिटं. पहिल्या गटातल्या 14 पैकी 9 जणांनी पूर्ण 15 मिनिटं वाट पाहिली, दुसऱ्या गटातल्या 14 पैकी फक्त एकाने.

घाई करणाऱ्या मुलाने इथे चुकीचा निर्णय घेतलेला नाही. समोरचा माणूस शब्द पाळत नाही हे त्याने पाहिलं होतं, आणि त्या माहितीवर त्याने हातात आहे ते खाऊन टाकलं. हा शहाणा निर्णय आहे. मूल उतावीळ आहे अशी तक्रार करण्याआधी आपण किती वेळा ‘उद्या नेतो बागेत’ म्हणून नेलं नाही, याचा हिशोब करावा. बाजारात रडणं थांबावं म्हणून ‘येताना घेऊ’ म्हणायचं आणि येताना दुसऱ्या रस्त्याने घरी यायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. दूरचं पाहून निर्णय घ्यायला शिकण्यासाठी मुलाला आधी हे अनुभवावं लागतं, की दूरचं खरोखर येतं. म्हणून शब्द थोडे द्यावेत आणि दिलेला प्रत्येक पाळावा. ‘नेणार नाही’ हे उत्तर मुलाला रडवतं, पण पुढच्या वेळी त्याला तुमच्या ‘नेईन’वर विसंबता येतं.

शाळेच्या बाबतीत ही वाटणी फार पूर्वी कुणी करून दाखवली असेल तर ती मारिया माँटेसरी यांनी. रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं. सुरुवातीला तिथेही साहित्य कपाटात कुलूपबंद असे आणि बाई ते मुलांना वाटत. एक दिवस बाईंना यायला उशीर झाला आणि आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावायचं राहून गेलं होतं. बाई आल्या तेव्हा मुलांनी कपाट उघडून हवं ते साहित्य घेतलेलं. बाईंना ती चोरी वाटली आणि शिक्षा करावी असं त्यांच्या मनात आलं. माँटेसरींना वेगळंच दिसलं. मुलांना आता सगळ्या वस्तू ओळखीच्या झाल्या होत्या, त्यामुळे आज काय करायचं हे ती स्वतः ठरवू शकत होती. मग मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटं आली. त्याचबरोबर माँटेसरींनी आणखी एक केलं. ज्या वस्तूंना मुलं हात लावत नव्हती त्या काढून टाकल्या. मोकळीक दिली, पण पसारा कमी केला. प्रत्येक साहित्य एकेकच ठेवलं, म्हणजे दुसऱ्याच्या हातातलं हवं असेल तर त्याचं होईपर्यंत थांबायचं किंवा दुसरं निवडायचं, हाही निर्णय मुलाकडे आला.

हा विचार मराठी मुलांपर्यंत आणणाऱ्या ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर काढलं होतं, तिथे ताराबाईंनी काम केलं. नूतन बाल शिक्षण संघ 1926 साली स्थापन झाला. पुढे 1945 मध्ये ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि नंतर काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेलं. परदेशी लाकडी साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या हेच साहित्य झालं. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. मूल जिथे आहे तिथे जायचं आणि तिथल्याच वस्तूंतून त्याला निवडू द्यायचं, हे या दोघींनी दाखवून दिलं. आज खेड्यातल्या अंगणवाडीत महागडी खेळणी नाहीत म्हणून मुलांना निवड देता येत नाही असं कुणी म्हणालं, तर मी कोसबाडचं नाव घेईन. चार टोपल्या, एकीत शंख-शिंपले, एकीत चिंचोके, एकीत बाटल्यांची झाकणं, एकीत चिंध्या, आणि ‘आज कुठली टोपली घेतेस?’ हा प्रश्न. एवढ्यावर सकाळ उभी राहते.

एक शंका मात्र प्रामाणिकपणे घ्यायला हवी. ही सगळी ‘स्वतः निवड, स्वतः ठरव’ची भाषा पाश्चात्त्य नाही का? आपल्याकडे काकूने सांगितलेलं, आजीने आणलेलं मूल आनंदाने घेतं, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका याच प्रश्नावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांना अक्षरांची कोडी दिली होती. काहींना कोड्यांचा गठ्ठा आणि पेनाचा रंग स्वतः निवडायला सांगितला, काहींसाठी प्रयोग घेणाऱ्या बाईंनी निवडला, तर काहींना सांगितलं, ‘हे तुझ्या आईने तुझ्यासाठी निवडलं आहे.’ गोऱ्या अमेरिकी मुलांनी सर्वांत चांगली कामगिरी केली ती स्वतः निवडल्यावर, आणि आईने निवडलंय म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला. चिनी आणि जपानी कुटुंबांतली मुलं मात्र आईने निवडलं असं कळल्यावर सर्वांत पुढे गेली.

या अभ्यासाचा आधार घेऊन ‘बघा, आपल्या मुलांना निवड नकोच असते’ असं म्हणता येणार नाही. आशियाई मुलांचीही कामगिरी परक्या बाईंनी निवडलं तेव्हा घसरली, आणि स्वतः निवडलं तेव्हा त्याहून बरीच चांगली होती. आईची निवड त्यांना परकी वाटत नव्हती, कारण आई आपल्याला ओळखते याची त्यांना खात्री होती. मराठी घरातही हे दिसतं. आजीने लग्नासाठी आणलेला परकर-पोलका नात मिरवते, कारण तिला कुठला रंग आवडतो हे आजीने वर्षभर पाहिलेलं असतं. तेव्हा आपल्या घरांत निर्णय मिळून घेण्याची जी रीत आहे ती मोडायची गरज नाही. तिच्यात मुलाला जागा द्यायची आहे. रविवारी काय करायचं याची चर्चा चालू असताना पाच वर्षांच्या मुलीचं मत विचारावं, ते इतरांच्या मतांच्या ओळीत मोजावं, आणि ते मानलं गेलं नाही तर का मानलं नाही हे तिला सांगावं. ‘आजोबांचा गुडघा दुखतोय, म्हणून टेकडीवर नको’ हे कारण ऐकलं की आपल्या इच्छेबरोबर दुसऱ्याचं दुखणंही तोलायचं असतं, हे तिला समजतं. एकट्याने खोलीत बसून निवडणाऱ्या मुलाला ही संधी मिळत नाही.

पाचाच्या आसपास मूल आणखी एक पायरी चढतं. आता ते क्षणाची निवड करण्यापलीकडे जाऊन आधी ठरवून मग करू शकतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी डेव्हिड वायकार्ट आणि सहकाऱ्यांनी 1962 ते 1967 या काळात गरीब वस्तीतल्या 123 मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून थोड्या कमी मुलांना त्यांनी बालवाडी दिली आणि पुढे सगळ्यांचा चाळिशीपर्यंत माग ठेवला. बालवाडीत गेलेली मुलं शिक्षण, कमाई आणि कायद्याच्या कचाट्यात न सापडणं या सगळ्यांत पुढे राहिली. त्या बालवाडीत बऱ्याच गोष्टी चांगल्या होत्या, घरी जाणारे शिक्षक होते, त्यामुळे एकाच गोष्टीला श्रेय देता येणार नाही. पण तिथे घडलेली एक रीत आज जगभर वापरली जाते. सकाळी प्रत्येक मूल सांगतं की आज मी काय करणार. मग ते करतं. शेवटी सगळे गोल बसून काय झालं ते सांगतात. ठरव, कर, पाहा.

आपल्याकडे याचं उत्तम रूप दिवाळीच्या सुट्टीत अंगणात उभं राहायचं. किल्ला. कुठला करायचा, राजगड की प्रतापगड? माती कुठून आणायची? दगड आधी रचायचे की पोती आधी टाकायची? विहीर कुठे, बुरूज किती, महाराज कुठे बसणार? अळीव आज पेरायचे की माती ओली राहते का ते पाहून उद्या? वाड्यातली, चाळीतली मुलं हे सगळं भांडून, मनधरणी करून ठरवत. एक बाजू ढासळली की पुन्हा ठरवत. आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवत, ‘ही चोरवाट मी केली.’ लहानगा चार वर्षांचा असेल तर त्याच्याकडे मावळे मांडायचं काम, आणि कुठला मावळा कुठे हे पूर्ण त्याचं. आता बाजारात तयार किल्ले मिळतात. जागा नाही, माती नाही, वेळ नाही, या अडचणी खऱ्या आहेत. तरी तयार किल्ला आणला की मुलाकडे फक्त मावळे मांडणं उरतं, आणि पुष्कळदा ‘नीट दिसत नाही’ म्हणून आईबाबा ते मावळेही सरळ करतात. मला हे मनापासून खुपतं. गॅलरीतल्या परातीत केलेला वेडावाकडा किल्ला चालेल, पण तो मुलांनी ठरवलेला असावा.

शेवटी राहतो तो सगळ्यांत अवघड भाग, चुकीच्या निवडीचा. जत्रेत आजोबांनी नातवाच्या हातावर पन्नास रुपये ठेवले. त्याने पहिल्याच दुकानातली प्लास्टिकची बंदूक घेतली. ती अर्ध्या तासात मोडली आणि पुढच्या गल्लीत त्याला चावीची नौका दिसली. आता काय करायचं? आपल्या मायेचा पहिला झोका नौका घेऊन द्यायचा असतो. दुसरा झोका ऐकवायचा असतो, ‘मी सांगितलं होतं ना, आधी सगळं बघ म्हणून?’ या दोन्हींनी तो निर्णय मुलाच्या हातून जातो. नौका मिळाली तर बंदुकीच्या निवडीला काही किंमत पडली नाही. बोलणी बसली तर त्याचं लक्ष बंदुकीवरून उडून आजोबांच्या रागावर गेलं.

बेलफास्टमधल्या ओकॉनर, मॅककॉर्मॅक आणि फीनी या संशोधकांनी 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांपुढे दोन पेट्या. एक निवडायची, बक्षीस घ्यायचं, आणि मग दुसऱ्या पेटीत त्याहून चांगलं काय होतं ते पाहायचं. सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी काहींना ते पाहून पश्चात्ताप वाटला, काहींना वाटला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच निवड दिली तेव्हा ज्यांना आदल्या दिवशी चुटपुट लागली होती त्यांनीच जास्त करून पेटी बदलली. ही चुटपुट म्हणजे ‘मी ते केलं असतं तर’ असं मनात मांडून पाहणं, आणि ते साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास जमू लागतं. चार वर्षांच्या मुलाला बंदूक मोडल्याचं दुःख होतं, पण नौकेशी त्याचा संबंध जोडता येत नाही. त्याला फक्त जवळ घ्यावं. सात वर्षांच्या मुलाला तो जोडता येतो, आणि तो त्याने स्वतः जोडायला हवा.

त्याच्या शेजारी बसावं. ‘वाईट वाटलं ना?’ एवढं विचारावं. तो नौकेकडे पाहत राहिला तर पाहू द्यावं. पैसे आता नाहीत हे खरं आहे आणि ते तसंच राहू द्यावं. पुढच्या जत्रेला किंवा पुढच्या महिन्यात त्याच्या हातावर पुन्हा पैसे ठेवावेत, तेवढेच, आणि या वेळीही कुठल्या दुकानात जायचं हे त्याला विचारूनच पाऊल टाकावं. तो पुन्हा बंदूकच घेण्याची शक्यता आहे.